आधीचा आवाज

हडर्सफील्डच्या बंद पडलेल्या लोकर गिरणीत, तिसऱ्या मजल्यावर,
एकोणीस दिवस आम्ही एक अल्बम करत होतो.
आम्ही म्हणजे ते चौघं, आणि पट्टीचा कान असलेला होल्ड्सवर्थ.
मी टेपवाला. रिळं चढवायची, स्पिरिटनं हेड पुसायचे,
आणि चहा. कोणी मागितला नाही तरी चहा.

फरशीच्या फळ्यांत मागांच्या पायांची भोकं अजून होती,
जुनं तेल मुरलेलं. ऊन आलंच चुकून
तर मेंढीचा वास उठायचा.
ग्लिननं ड्रम नेमके चार भोकांवर मांडले.
म्हणाला, या जागेला मार खायची सवय आहे.

माझा बाप इचलकरंजीत जॉबर.
बत्तीस मागांच्या खडखडाटात पाठमोरा उभा राहून
विडी शिलगावता शिलगावता सांगायचा:
सातव्याचा धागा जाणार.
जाणार. गेला नव्हे.

पहिला आठवडा सगळं वाईट.
एव्हर्टनचा बेस खिडक्यांना झोंबायचा,
कॉलिननं अॅम्प्लिफायर मुतारीत नेऊन ठेवला,
टाइलांमुळे आवाज ओला होतो म्हणे.
झालाही. वरून पाणी गळत होतं.
मॉइरा कोट घालून गायची, भिंतीकडे तोंड करून,
कारण हीटरची घरघर माइकात शिरते.
काचेपलीकडून तिची वाफ मला दिसायची
शब्दाच्या जरा आधी.

अकराव्या दिवशी टेपचे पैसे संपले.
एक गाणं पुसून त्यावर दुसरं घ्यायचं ठरलं.
कुठलं, यावर भांडण झालं नाही. तेच खटकलं.
ग्लिन म्हणाला, माझं पुसा,
पंगतीत वाढप्याला हात आडवा करावा तसं,
आणि कालव्याच्या बाजूच्या जिन्यावर जाऊन बसला.
मी बटण दाबलं.
चार मिनिटं अकरा सेकंद
लाल दिवा, आणि आडव्या पडलेल्या सुया.

त्या जागी जे घेतलं त्याचे सहा टेक फसले.
सातव्यात ग्लिनचा एक ठोका उशिरा पडला,
दाराशी घुटमळून पडावा तसा,
आणि कोणीच हात वर केला नाही.
मॉइरा ओरडली, 'थांब'. गाण्यातलाच शब्द होता तो.

रीळ रात्री उलटं गुंडाळून ठेवायचं असतं.
नाहीतर एका वेढ्यावरचा आरडाओरडा
शेजारच्या कोऱ्या वेढ्यात उतरतो.
त्या रात्री मी विसरलो.
हे मी होल्ड्सवर्थला आजतागायत सांगितलेलं नाही.

सकाळी लावलं तर शांतता,
आणि शांततेत, मुंगीएवढी मॉइरा: थांब.
मग दीड सेकंदानं खरी.
होल्ड्सवर्थनं ब्लेड काढलं.
राहू दे, मॉइरा म्हणाली.
ती ग्लिनच्या खुर्चीकडे बघत नव्हती.
खुर्ची होती. ड्रम नव्हते.
चार भोकांभोवती धूळ गोल राहिली होती,
दोन दिवस तिथून कोणी चाललं नाही.

उरलेली तीन गाणी ड्रमशिवाय.
एव्हर्टननं टाचेनं फळी वाजवली, ती चालली.

प्रती पाचशे निघाल्या. कव्हरवर माझं आडनाव
मगदूमचं मॅकडूम झालं,
स्कॉटिश समजून एकानं पत्रही लिहिलं मला.
एक कॅसेट मी घरी पाठवली.
बापानं ती पाठमोरा बसून ऐकली, भाऊ सांगत होता,
दोन्ही बाजू, मधे न उठता.
शब्द एक कळला नसेल.
म्हणाला, चौथ्या गाण्यापासून
यातला एक जण सामान आवरतोय.

चौथं आम्ही तिसऱ्या दिवशी घेतलं होतं,
तेव्हा तर सगळे हसत होते.

गाणी त्याला आवडली नाहीत.
फार कालवा, म्हणाला.
पण कापड घट्ट आहे.