जिभेखालची दहा मिनिटं

सकाळी सातला आम्ही आठ जण
व्हर्नाच्या खिडकीसमोर उभे राहतो.
हे घर पूर्वी सार्डिन कारखान्याच्या मॅनेजरचं.
समुद्रावरून धुकं आलं की भिंतींना अजून मासळीचा वास सुटतो
आणि आमच्यातले निम्मे, बोटीवर वाढलेले,
तो छाती भरून घेतात.

पट्टी नारिंगी, नखाएवढी.
जिभेखाली ठेवायची.
गिळायची नाही, चघळायची नाही,
विरघळेपर्यंत बोलायचं नाही.
दहा मिनिटं.

आणि बाकावर गप्प बसलेले कोण,
तर ज्यांच्या जिभेला कधी हाड नव्हतं.
लूमिस, बायकोची अंगठी स्वतः विकून
चोरी झाली म्हणून पोलिसांना स्वतःच फोन करणारा.
ड्युएन, तीन गावांतल्या तीन डॉक्टरांना
एकच पाठ तीन जागी दुखते म्हणून सांगणारा.
आणि मी. माझा खांदा खरंच निखळला होता,
जानेवारीत, स्कॅलपच्या जाळ्याची साखळी तुटली तेव्हा.
पहिली बाटली खरी होती.
खरं तेवढंच.

आमच्या बंदरात कुणाच्याच तोंडात तीळ भिजत नाही.
कुणाची बोट बँकेने ओढून नेली,
कुणाचं पोर कुणासारखं दिसतं,
तासाभरात सगळ्या धक्क्यावर.
फक्त या एका गोष्टीला सगळं गाव मुकं.
पेपरात छापून येतं, 'अचानक, राहत्या घरी'
आणि सगळे शवपेटीपाशी हवामानाबद्दल बोलतात.

भाऊ म्हणतो, एक कुबडी टाकलीस, दुसरी घेतलीस.
असेल.
कुबडी घेऊन का होईना,
मी टपालपेटीपर्यंत जाऊन परत येतो.
टोबिन कुबडीशिवाय गेला होता. चाळिसाव्या दिवशी,
पाठीवर पिशवी, सगळ्यांशी हात मिळवून.
देह जुनं माप विसरला होता,
हात विसरला नव्हता.
त्याचा पलंग माझ्या शेजारचा.
चादर बदललीय. त्यावर अजून कुणी आलेलं नाही.

त्या रविवारी पट्टी नुकतीच ठेवली होती
आणि हॅटी आली.
भेटीची वेळ दहाची; पण आईची बेकरीत पाळी होती,
तिने पोरीला दारात सोडलं आणि गाडी वळवली.
व्हर्नाने घड्याळाकडे पाहिलं, मग दार उघडलं.

हॅटी अकरा वर्षांची.
नऊची होती तेव्हा शेडमध्ये, दोरांच्या वेटोळ्यांवर
मी तिला सापडलो. ओठ निळे.
शाळेच्या हॉलमध्ये शिकवलं होतं तसा तिने
माझ्या नाकात फवारा मारला,
मग दुसरा,
आणि रुग्णवाहिका येईपर्यंत माझे श्वास मोजत बसली.
हे मला दुसऱ्यांनी सांगितलं.
तिने कधीच नाही.

आता ती समोरच्या खुर्चीत. बूट ओले.
मी तोंडाकडे बोट दाखवून हात हलवला.
तिने मान डोलावली, जणू तिला सगळं ठाऊक होतं.
मग तिची नजर माझ्या छातीवर स्थिरावली
आणि तिचे ओठ अगदी बारीक हलायला लागले.
एक. दोन. तीन.

ती मोजत होती.
मला वाटतं, ती तेव्हापासून थांबलेलीच नाही,
बेकरीच्या मागच्या खोलीत, गणिताच्या तासाला,
मी चाळीस मैल लांब असताना सुद्धा.
मी एकसारखा श्वास घेण्याचा प्रयत्न केला.
त्याने तो उलट अडखळला.
ती चटकन पुढे सरकली.

व्हर्ना आली. "जीभ वर."
मी तोंड उघडलं. हॅटीही वाकून बघायला लागली,
बोटीच्या तळात पाणी किती, ते बघतात तशी.
"गेली," ती म्हणाली.

माझ्याकडे वाक्य तयार होतं,
गटात आठवडाभर घोटलेलं, माफीचं,
त्यात 'पण' कुठेही नव्हतं.
त्याआधीच ती म्हणाली,
"बोयांना रंग द्यायचाय. आजोबा विचारतात,
तुझाच काळा-नारिंगी द्यायचा,
का माझा?"

"तुझा कुठला?"

ते तिने अजून ठरवलं नव्हतं.