छाट

शंभरामागं दहा-बारा विड्या
इरप्पा चेकर बाजूला टाकायचा.
नखानं दाबून, तोंड तपासून,
कधी नुसतं माझ्याकडं बघून.
छाट.
तिची मजुरी नाही, ती परतही मिळायची नाही.

माझी छाट जास्त.
पान मी डाव्या हातानं वळायची,
दोरा उलटा बसायचा.
अम्माच्या विडीशेजारी माझी ठेवली
की आरशात बघितल्यागत दिसायची.
"एडम चेय्यी," अम्मा पुटपुटायची,
आणि पानं भिजवायच्या फडक्याची पट्टी फाडून
माझा तो हात सुपाच्या काठाला बांधायची.
मारलं नाही कधी.
गाठ मारून झाली की त्यावर फुंकर घालायची.

उजवा शिकला.
आठवीपर्यंत हजारात तीसच छाट.

पुढं सगळं त्यानंच केलं. बी.कॉम., बँकेची परीक्षा,
कुंकू, इस्त्री, पोरीची वेणी.
शाळेच्या फाटकाशी अम्मानं "बिड्डा" अशी हाक मारली
तेव्हा "आले" म्हणाले, मराठीत.
अंगाला तंबाखूचा वास येतो म्हणून
बाकावर एकटी बसले, तेव्हा रडू आलं नाही.
ते कुठंतरी गेलंच असणार.

आता भवानी पेठेतल्या शाखेत माझं काम सह्या जुळवायचं.
इकडं कार्डावरची, तिकडं स्लिपवरची.
कोंडय्या बिटला, चाळीस वर्षं मागावर,
अकराशे रुपये काढायचे, हात थरथरणारा.
"जुळत नाही, आजोबा. परत करा."
तीनदा केली.
तिसऱ्यांदा म्हणाले, "हात तर माझाच हाय की, बाई."
मी स्लिप काचेखालून परत सरकवली.

त्याच संध्याकाळी हर्षिता उशिरा आली.
काय बोलली आठवत नाही, साधंच असेल काही.
माझा हात उठला.
तिनं तोंड चुकवलं नाही,
हवेतल्या हाताकडंच बघत राहिली.
"आई, तू डावरी आहेस?"

बावीस वर्षांच्या संसारात
कुणाला ठाऊक नव्हतं. मलाही
जवळपास नव्हतंच.

रात्री लाइट गेली, मागच्या गल्लीतले माग थांबले.
सोलापुरात आवाज थांबला की जाग येते.
अम्मा खाटेवर, मोतीबिंदूचे डोळे उघडे,
बोटं पोटावर वळत होती
नसलेलं पान, नसलेला दोरा.
मी खाली बसले. विचारलं, तेलुगूत.
शब्द कुलपासारखे अडकले, मग सुटले.
"छाट कुठं जायची गं?"

"मालक काय फेकून देतो व्हय?
निराळी बंडलं बांधायचे. खेड्यात जायची, स्वस्तात."
जरा थांबली.
"ओढणाऱ्याला काय कळतंय? सारखीच जळते."

मग अंधारात तिनं माझा हात चाचपला.
नेमका तोच.
अंगठा मनगटावर फिरत राहिला,
गाठ शोधत असावी, किंवा सोडत.
"रा, बिड्डा," म्हणाली.
मी तर तिथंच होते.
कुणाला बोलावलं, विचारलं नाही.
पण माझ्या आत कुणीतरी
सूप बाजूला सारून उठलं,
परकराला पुसले हात,
आणि दारापर्यंत आलं.

दारापर्यंतच. अजून आत नाही.

सोमवारी बिटला आले.
त्यांच्या तीन सह्या घेतल्या, तिन्ही निराळ्या,
आणि कार्ड नवं केलं.
मॅनेजर काय ते बोलले, ऐकून घेतलं.
मनात इरप्पाचं नख दिसत होतं, माझ्याच बोटाला.

जेवणाच्या सुट्टीत रद्द स्लिपच्या पाठीवर
नाव लिहिलं, त्या हातानं.
वेलांटी उलटी गेली,
अक्षरं रेघ सोडून उतरली,
पेन इतकं दाबलं की कागद भोकाला आला.
कार्डातली माझी सही काढून शेजारी ठेवली.

जुळत नाही.

स्लिप फाडली नाही.
डब्यातली कडक भाकरी मोडली, दोन्ही हातांनी.