योग्य कागद

देओलिंदा बुचं निवडते.
पोर्तुगालच्या वरच्या अंगाला, लामासच्या कारखान्यात,
उजेडाच्या पट्ट्यासमोर, एकोणीस वर्षं.
भेगाळलेलं डावीकडे, किडकं खाली,
चांगलं पुढे जातं
कुणाच्या तरी लग्नातल्या बाटलीत.

शनिवार वाल्देमार मागून घ्यायचा.
मागून म्हणजे, शुक्रवारी आम्ही कोट चढवताना
दारात उभा राहून:
ऑर्डर मोठी आहे, पोरींनो.
तास बँकेत जमा होतील.

तासांची बँक!
असेल, म्हटलं. कायद्यातच आहे म्हणतात.
पण खिडकी नाही, पासबुक नाही,
व्याज राहू दे, मुद्दल मागायला जावं
तर नेमका वाल्देमारचा फोन वाजतो.

देओलिंदा भांडली नाही.
जादा थांबली की जाताना
टाकाऊ ढिगातलं एक बूच एप्रनच्या खिशात.
घरी ऑलिव्हच्या रिकाम्या बरणीत.
दुसरी बरणी भरली तेव्हा नवरा म्हणाला,
अगं, पितेस तरी किती?

मंगळवारी पोर्तोहून निरीक्षक आली,
ग्रासा तेलेश, ओली छत्री, बारीक आवाज.
टेबलावर चार बरण्या.
पाच वर्षांच्या आतलं बघते, म्हणाली,
त्याआधीच्या तासांना योग्य कागद लागतो.
आणि बूच म्हणजे काही कागद नव्हे.
चष्मा पुसत राहिली, स्वच्छ होता तरी.

"माझा बाप अलेंतेझूत झाडं सोलायचा," देओलिंदा म्हणाली.
"साल काढली की उघड्या खोडावर
पांढऱ्या रंगाने ते साल लिहायचा.
एकच आकडा.
तिथून नऊ वर्षं कुऱ्हाड लावायची नाही,
कायदाच आहे तसा.
झाडाकडे कोणी कागद मागत नाही, बाई.
त्याच्या अंगावर असतं."

आणि बरणी उपडी केली.
बुचं गडगडली, दोन खाली गेली, मी उचलली.
एकावर बॉलपेनने, मुंगीएवढं:
चौदा मार्च, पावणेदोन तास.
दुसऱ्यावर: शनिवार, पूर्ण. पाऊस.

मी काहीच जपलं नव्हतं.
माझ्या गेलेल्या शनिवारांतला एकच आठवतो,
पोराचा पहिला दात पडला तो.
दात शेजारणीने पाहिला.

ग्रासाने वही उघडली.
एक बूच, एक ओळ.
पाचला तिची वेळ संपते, ते भिंतीवर लिहिलंय.
सहा झाले. झाडूवाला डोकावून गेला.
साडेसहाला तिने घड्याळ पाहिलं,
काही बोलली नाही,
पुढचं बूच उचललं.

तेव्हा देओलिंदाने एप्रनच्या खिशातून
एक कोरं काढलं
आणि तिच्या वहीशेजारी ठेवलं.
बॉलपेनही.