अकरा सेकंद

तीन तास, शून्य मिनिटं, अकरा सेकंद.
वर लाल आकडे,
खाली मी वाकलेली,
गुडघे घट्ट धरून, जसे काही तेच पळून जातील.

दोन वर्षं फ्रीजच्या दारावर चिकटवलं होतं: २.५९.
पाहुणे विचारायचे, कुठली गाडी आहे?
मी म्हणायची, गोराईची.

महापालिकेच्या पाणी खात्यात आहे मी,
गळती शोधणाऱ्या तुकडीत.
रात्री अडीचला, रस्ता निजला की
लोखंडी कांब जमिनीवर टेकवायची,
दुसरं टोक कानाला.
खाली फुटलेली वाहिनी बोलते.
श्वास धरून ऐकलं तर बोटभर जागा सापडते
जिथून एका अख्ख्या चाळीचं पाणी रोज वाहून जातं.

मग अकरा सेकंद काय चीज आहे.

कांब आधी टेकवली घरात.
गॅलरीत रोलरवर चढवलेली सायकल,
पाळीवरून आले की पहाटे चारचं चाक.
खालचे सामंत एकदा वर आले, बंडीतच:
वहिनी, या वेळेला दळता काय?
मांड्या, म्हटलं.
तेव्हापासून ते लिफ्टमध्ये छताकडे बघतात.
इथे गळती नाही. एकही पहाट चुकली नाही.
चुकली, एक, निषादच्या तापात,
ती मी धरत नाही.

मग वाळूत.
पाण्यातून बाहेर, सायकलीकडे धावताना
तळव्यांना वाळू. ग्रेशसने शंभरदा बजावलेलं,
पुसायची नाय बाय, वाळू काय चावत नाय.
पुसली नाही.
चावली. धावण्याच्या आठव्या किलोमीटरला मोज्यात रक्त.
पण वेळ नाही गेला त्यात. उलट
दुखण्याच्या पुढे राहायचं म्हणून पळाले,
दोनेक सेकंद कमावलेच असतील.

उत्तनच्या वळणावर वलांड्यांवर बोंबील,
आणि टोपली घेऊन एक म्हातारी आडवी आली.
थांबली. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं,
शिळी मासळी पारखावी तसं.
मी ब्रेक दाबलेला. तीन सेकंद? चार?
नको. रस्ता तिचा आहे.
तिच्या नावावर टाकणार नाही.

ग्रेशस म्हणतो, सोड, वारा उलटा होता.
निषादने तक्ता केलाय, तीन रंगांत,
त्यात सगळा दोष हेल्मेटच्या बकलाला.
ऑफिसात पेढे वाटले त्यांनीच.
पेडणेकर साहेब म्हणाले, तीन म्हणजे तीनच की,
बिलात आपण पैसे धरतो का?

रात्री पुन्हा कांब.
अंधारात कान लावून पडून राहिले
आणि ऐकू आलं.

दुसऱ्या बोयाला वळसा घातल्यावर
मागे कुणी नव्हतं, पुढच्यांचे पाय लांब गेलेले.
मी उताणी झाले.
पोटरीत गोळा नव्हता. दम लागला नव्हता.
नुसतीच झाले.
सुरूच्या रांगेमागून ऊन चढत होतं,
पॅगोड्याचा कळस अर्धाच पेटलेला,
आणि हे एवढं शहर,
ज्याच्या पोटात मी वीस वर्षं कान घालून बसलेय,
तिथून पाहिलं तर गप्प होतं.
कुठेही काही गळत नव्हतं.

मनात मोजलेलं होतं, सवयच ती:
सहा.

ग्रेशसला सांगितलेलं नाही.
ही गळती मी बुजवणार नाही.
पुढच्या वर्षीही त्याच बोयाला उताणी होणार
आणि तरी तीनच्या आत येणार,
म्हणजे पूर्ण बारा सेकंद दुसरीकडून काढायला हवेत.

निषाद, झोपलास का?
त्या बकलाचं काय म्हणत होतास?