प्रतिवादी क्रमांक एक

समन्स आलं तेव्हा मी गॅरेजात
हिवाळी टायर चढवत होतो.
पोस्टमननं सही घेतली,
लिफाफ्यावरचा कोर्टाचा शिक्का पाहिला
आणि मयताला आल्यासारखा खोकला.

वादी : तिमोन, वय वर्षं बावीस.
प्रतिवादी क्रमांक एक : मी, लुत्सियान.
क्रमांक दोन : बोगुमिला, माझी बायको,
जी तेव्हा आत वादीसाठी बीटाचं सूप ढवळत होती.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, खरंय.
पण पोलंडात तेव्हा रीतच ती होती :
दाखल्यावरचा एक शब्द बदलायचा
तर लेकरानं आईबापावर दावा ठोकायचा.
आमचा गुन्हा काय,
तर सुईण जे म्हणाली, ते आम्ही लिहून दिलं.

हे आज सांगतोय इतक्या सहज.

आमच्या भाषेत क्रियापदाला शेपूट असतं.
आली की आला, गेली की गेला,
ठरवल्यावाचून वाक्य उंबरठा ओलांडत नाही.
म्हणून दोन वर्षं मी घरात
फक्त आज्ञार्थात बोललो.
मीठ दे. दार लाव. ब्रेक तपासून घे.
आज्ञेला शेपूट नसतं.
तिच्यामागं माणूस छान लपतो.

बोगुमिला काही बोलली नाही माझ्याशी.
तिनं त्याच्या सगळ्या शर्टांची बटणं
डावीकडून उसवून उजवीकडे लावली.
मला ते कळलं इस्त्री करताना,
नवव्या शर्टाला.

आणि वरच्या मजल्यावरच्या झुराव्स्का बाई,
शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या,
चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतात,
त्यांनी करवंदासारख्या काळ्या बेरींचा मुरंबा पाठवला.
बरणीवर चिठ्ठी : तिमोनला. बापाला चमचाभरच.
मी तिसऱ्या दिवशी बरणी उघडली.
चमचाभरच खाल्ला. हिशेबाला पक्क्या आहेत त्या.

मग कधीतरी मार्चात
गॅसचं मीटर वाचायला माणूस आला.
मी म्हणालो, थांबा जरा,
मुलगा खाली गेलाय, तळघराची किल्ली त्याच्याकडे आहे.
माणूस आकडे लिहून निघून गेला.
मी मात्र तिथंच,
मीटरचं बारीक चाक फिरताना बघत,
कुणीतरी माझ्या तोंडून बोलून गेल्यासारखा.

सेय्नी ते सुवाल्की, तीस किलोमीटर.
एकाच गाडीतून गेलो तिघे.
क्रमांक दोनच्या मांडीवर उकडलेली अंडी, मिठाची पुडी.
वादी मागच्या सीटवर, तोंड उघडं टाकून झोपलेला,
सहा वर्षांचा असताना झोपायचा तसा.
आरशातून बघत होतो.
वकिलीणबाईंनी बजावलं होतं :
विचारलं की एवढंच म्हणा, मान्य.

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून विचारलं,
दावा मान्य?
मी उभा राहिलो. टाय गळ्याला काचत होता.
मान्य, म्हणालो, पण एक दुरुस्ती आहे.
वकिलीणबाईंनी डोळे मिटले.
सुईणीची चूक एका क्षणाची होती.
माझी दोन वर्षांची आहे.
तेवढी माझ्या नावावर लिहून घ्या.

टाइप करणारी मुलगी थांबली,
न्यायाधीशबाईंकडे पाहिलं तिनं.
त्या म्हणाल्या, पुढे.
कागदावर काही आलं नाही. नियमात बसत नसावं.

हरलो. अकरा मिनिटांत.

पायऱ्यांवर बर्फ होता.
बोगुमिलानं तिथंच अंडी सोलली,
टरफलं पर्समध्ये भरली.
वादी म्हणाला, बाबा, मी चालवतो.
किल्ली दिली.
म्हणालो, मागचा डावा टायर जरा बसलाय.
तो वाकला, बोटानं दाबून पाहिला,
म्हणाला, पोचेल घरापर्यंत.

मी मागं बसलो.
मी घोरत होतो म्हणे,
तोंड उघडं टाकून.
मला आठवत नाही.