चौथी ओळ

प्राचार्यबाई म्हणाल्या, स्मरणिकेसाठी दोन पानं द्या,
इमारतीचा इतिहास, फोटोसकट.
एकतीस वर्षं मी इथल्या ग्रंथालयात बसले,
तेव्हा मलाच ठाऊक असणार, असं त्यांचं म्हणणं.

मला ठाऊक आहे ते एवढंच:
ही आधी रुईची वखार होती.
अजून एप्रिलात पंखे पूर्ण वेगानं सोडले की
वाशांच्या सांध्यातून एखादा पुंजका सुटतो
आणि वाचत बसलेल्या मुलीच्या वेणीवर उतरतो.
ती झटकते. तिला वाटतं, जळमट.

दारात संगमरवर. त्यावर संस्थापक:
शेठ हरकिसन त्रिभोवन, ज्यांनी वखार दिली,
आग लागून गेलेली, विमा मिळालेली.
डॉक्टर मनोरमा देवडीकर, ज्यांनी ती मागून घेतली,
तीनदा त्यांच्या पायरीवरून परत येऊन.
शिवगंगाआक्का म्हमाणे, ज्यांनी पाटल्या मोडून
भिंतीत खिडक्या पाडल्या.
वखारीला खिडक्या कशाला असतील?
सोळा खिडक्या. चार पाटल्या आणि एक वज्रटीक.
धाकटे दीर गावभर सांगत होते,
वहिनींनी भोकं पाडायला सोनं घातलं.

आणि त्याखाली एक ओळ कोरी.

इतिवृत्ताची वही उघडली
तर पान कडक भाकरीसारखं मोडत होतं.
ठराव पहिला: घड्याळ घेऊ नये, मिलचा भोंगा पुरेसा आहे.
ठराव दुसरा: पिण्याच्या पाण्याचे दोन रांजण,
आणि संडासाला कडी आतून.
ठराव तिसरा: नरसम्मा चिलवेरी यांनी विडीवाल्या बायांकडून
हजार विडीमागे एक पैसा याप्रमाणे जमवलेले
चारशे अकरा रुपये सहा आणे पोचले.
खाली तीन सह्या, झोकदार,
आणि एक अंगठा.

पाथरवटानं विचारलं असेल, अंगठा कसा कोरू?
कुणी म्हणालं असेल, जागा सोड, मागनं बघू.
की तीच म्हणाली, माझं नाव कशाला वो दगडावर,
मला वाचता तरी येतंय का ते?
हे मी रचते आहे. वहीत हे नाही.
हजेरीपटात मात्र आहे:
पहिल्या वर्षीच्या अकरा मुलींत
नववं नाव चिलवेरी पद्मावती.
जून, जुलै भरलेले. ऑगस्टात तांबडी रेघ,
आणि शेरा: लग्न.

त्या शेऱ्यावर बोट ठेवून मी बराच वेळ बसले.
शिपाई दिवे मालवायला आला तेव्हा उठले.

पुढे मिल बंद पडली. भोंगा वाजला नाही त्या दिवशी
पहिला तास दुपारपर्यंत चालला म्हणतात,
कुणी उठेचना. दुसऱ्या दिवशी विजेची घंटा आली.

कोऱ्या ओळीवर आता सूचना चिकटवतात:
परीक्षा अर्जाची शेवटची तारीख,
वसतिगृहाची दुसरी यादी,
डबा सापडला आहे, ओळख पटवून न्यावा.
डिंकाचे थर साचून तेवढाच दगड
विडी वळणाऱ्या बोटांसारखा पिवळा पडला आहे.

दोन पानं लिहून दिली. शेठजींचा फोटो, डॉक्टरांचा,
आक्कांचा, डोक्यावरून पदर घेतलेला.
चौथा, वहीतल्या त्या अंगठ्याचा.

काल छापखान्यातून फोन आला:
मॅडम, एका फोटोवर शाई सांडलीय,
दुसरा पाठवता का?

म्हटलं, शाईच आहे ती. छापा.