शीग

रविवारी सकाळी साडेसहाला
खामल्याकडच्या एका शाळेच्या पटांगणात
पंधरा-वीस जण पोती अंथरून बसतात.
त्याला बाजार म्हणायचं, तर म्हणा.
फळ्यावर शनिवारचा सुविचार अजून तसाच.

मी डोक्याला दुपट्टा बांधून निघतो,
ऊन पाठीवर बसायच्या आत परततो.
एकतीस वर्षं वजनमापे खात्यात काढली.
मी निवृत्त झालो, डोळा झाला नाही.
संत्र्याच्या आधी मला तराजू दिसतो:
काटा कुठे अडतो,
पारड्याखाली काय चिकटवलंय,
वजनाच्या पोटातल्या शिशावर
कुठल्या सालचा ठसा.

काटोलचा गोतमारे मला ओळखून आहे.
"या साहेब, मृगाचा शेवटचा माल हाये.
दिसाले बेकार, खाऊन पाहा."
साल फुगलेली, डागाळलेली, इतकी सैल
की सोलायला नखही लागत नाही.
तो डझनावर एक फळ आणखी टाकतो.
हे तेरावं कशाचं, मी विचारतो.
"मोजण्यात चूक झाली असंन, तं तिचं."

पलीकडे फुलवंता सलामे, देवलापारकडची.
तिच्यापुढे सुपं, टोपल्या, एक चाळण,
बांबूचा एक पोपट, चोच जरा तिरपी झालेला,
आणि पळसाच्या पानांवर ओतलेली टेंभरं,
पिवळी, कडक सालीची,
डोक्यावर वाळकी टोपी घातलेली.

तिच्याकडे तराजू नाही.
एक लहान टोपली आहे, हात लागून काळपट झालेली,
काठाशी लाल दोऱ्यानं शिवलेली.
ती टोपली भरते
आणि भरली तरी थांबत नाही.
वर एक मूठ, त्यावर आणखी एक,
शेवटचं टेंभरू घरंगळेपर्यंत.
घरंगळलेलं उचलून
तेही माझ्याच पिशवीत.

"किती भरतं हे?"
"टोपलीभर."
"म्हणजे किती किलो?"
"थे मले काय ठाऊक जी.
भरली तं भरली."

कलम मला पाठ आहे.
त्या कलमाखाली उमरेडच्या आठवडी बाजारात
एका म्हातारीचं लाकडी माप मी पंचनाम्यात लिहिलं:
अप्रमाणित, एक नग.
ती भांडली नाही.
मापाच्या तळाला राहिलेले जवस
तिनं बोटानं पुसून ओच्यात घेतले,
मग माप दिलं.
दोन पंच होते. दोघांनीही खाली पाहिलं.

घरी येऊन टेंभरं काट्यावर ठेवली:
एक किलो एकशे चाळीस.
पुढच्या रविवारी नऊशे ऐंशी.
त्याच्या पुढच्या रविवारी
बायको म्हणाली, काटा मोकळा करा, मला कणीक मोजायचीय.
मग राहूनच गेलं.
ताटात टेंभरं फोडून आम्ही दोघं बसलो,
बिया चोखत, बोटं चिकट,
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

आमच्या नोंदवहीत
कमी भरलं तर लिहायला रकाना होता.
जास्तीला नव्हता.
शीग कुठे लिहायची
हे मला कुणी सांगितलं नाही,
आणि मीही कधी विचारलं नाही.

आज तिला म्हटलं, ही टोपली मला दे. काय घेशील?
"थे नाई विकत. माप हाये थे."
मग कांबीवरून सुरी फिरवता फिरवता म्हणाली,
"दुसरी करून देतो. केवढी पाह्यजे?"

लिटर, मिलिलिटर, व्यास, खोली
सगळं जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं.
मी पिशवी खाली ठेवली,
दोन्ही हात पुढे केले:
एवढी.

तिनं पाहिलं, हसली.
"लय मोठी सांगता जी.
हात जरा जवळ आना."

मी आणले.